ट्रॅक्टर व मळणीयंत्राचे वंगण : तेलाची पारख आणि निगा

किनवट तालुक्यात सोयाबीनची मळणी दसऱ्याच्या सुमारास जोर धरते आणि त्याच सुमारास ट्रॅक्टर बिघडल्याच्या तक्रारीही वाढू लागतात. हा योगायोग नव्हे. खंडेनवमीस ट्रॅक्टरला हार घालून, हळदकुंकू वाहून त्याची मनोभावे पूजा होते. परंतु त्याच ट्रॅक्टरच्या इंजिनातील तेल किती तास चालले आहे असे विचारले, तर बहुतेक मालक तास न सांगता सण सांगतात. "पोळ्याला बदलले" किंवा "पेरणीच्या आधी टाकले" असे उत्तर मिळते. यंत्र मात्र सण ओळखत नाही. ते किती तास चालले, किती ओझ्याने चालले आणि किती धुळीत चालले, एवढाच हिशेब त्याच्यापाशी असतो.

हा हिशेब एकदा मांडून पाहावा. आज प्रचारात असलेल्या बऱ्याच ट्रॅक्टरांच्या पुस्तिकेत इंजिनाचे तेल २५० तासांनी बदलावे असे दिलेले असते. काहींत हा अवधी कमी, तर काही नव्या ट्रॅक्टरांत पुष्कळ अधिक असतो. आपल्या पुस्तिकेत असेल तोच खरा मानावा. मळणीच्या दिवसांत भाड्याने चालणारा ट्रॅक्टर रोज दहा तास सहज चालतो. म्हणजे २५ दिवसांत २५० तास भरले. पेरणीपूर्वी घातलेले तेल पेरणी, डवरणी, फवारणी आणि वाहतूक यांत आधीच अर्धे खर्ची पडलेले असते. अशा तेलावर मळणीचा संपूर्ण हंगाम काढणारा मालक नकळत दुप्पट अवधी तेल वापरतो, आणि तोही वर्षातील सर्वांत धुळीच्या दिवसांत.

तेल नेमके काय करते

बैलगाडीच्या आखाला वंगण घालीत, ते आख झिजू नये आणि कुरकुर थांबावी म्हणून. इंजिनातील तेलाकडे याहून पुष्कळ कामे असतात. ते घर्षण कमी करते, पिस्टनची उष्णता वाहून नेते, रिंगा आणि लायनर यांमधील सूक्ष्म फट बुजवून दाब टिकवते, काजळी आपल्यात धरून ठेवते, ज्वलनातून निर्माण होणारी आम्ले निष्प्रभ करते आणि गंज लागू देत नाही. यांपैकी घर्षण कमी करण्याची क्रिया कशी घडते हे समजून घेणे अगत्याचे आहे, कारण धुळीपासून होणारी हानी त्यावरूनच उमगते.

१८८३ च्या सुमारास इंग्लंडमध्ये बीचम टॉवर नावाचे अभियंते रेल्वेच्या डब्यांना असतात तशा बेअरिंगवर प्रयोग करीत होते. तेल सोडण्यासाठी त्यांनी बेअरिंगच्या माथ्यावर छिद्र पाडले, तर यंत्र चालू असताना तेल आत जाण्याऐवजी त्या छिद्रातून बाहेर येऊ लागले. बूच ठोकले, तर तेही आतल्या दाबाने बाहेर ढकलले गेले. याचे गणित ऑसबर्न रेनॉल्ड्स यांनी १८८६ साली मांडले. फिरणारा दांडा आपल्या गतीने तेलाला निमुळत्या फटीत ओढून घेतो, तेथे दाब निर्माण होतो आणि त्या दाबावर दांडा अक्षरशः तरंगतो. लोखंडाला लोखंड लागतच नाही.

हा तरंगता थर मात्र केवळ काही मायक्रॉन जाडीचा असतो. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारणपणे ७० मायक्रॉन जाड भरतो. थराहून मोठा कण आत शिरला की तो दोन्ही पृष्ठांना एकाच वेळी ओरबाडतो. डोळ्यांना दिसतही नाही अशा पाच ते पंधरा मायक्रॉनच्या कणांनी सर्वाधिक झीज होते ती याच कारणाने. मातीतील सिलिका लोखंडाहून कठीण असते, हेही ध्यानात ठेवावे.

इंजिन बंद असताना हा थर नसतो. म्हणून सकाळी इंजिन सुरू करताच एकदम वेग देऊ नये. तेल सर्वत्र पोचेपर्यंत मिनिटभर ते संथ चालू द्यावे. टर्बो असलेल्या इंजिनास बंद करण्यापूर्वीही असाच एक मिनिट द्यावा.

काळा रंग हा निकष नव्हे

वंगणाविषयी आपल्या भागात दोन समजुती आढळतात आणि दोन्ही सारख्याच नुकसानकारक आहेत. तेल काळे झाले म्हणजे खराब झाले, ही पहिली. बोटांना अजून चिकट लागते म्हणजे चांगले आहे, ही दुसरी.

डिझेल इंजिनात काजळी होतच असते. आधुनिक तेलात ही काजळी बारीक विखरून धरून ठेवणारी द्रव्ये मिसळलेली असतात, त्यामुळे नवे तेल घातल्यानंतर थोड्याच तासांत ते काळे दिसू लागते. हा तेलाचा दोष नसून ते आपले काम करीत असल्याची खूण आहे. काजळी धरून ठेवण्याची शक्ती संपली की ती चेंबरच्या तळाशी व तेलाच्या वाटांत गाळ होऊन बसते. तेव्हाही तेल काळेच दिसते! म्हणजे पहिल्या आठवड्यातील काळे आणि अवधी उलटून गेलेले काळे यांत डोळ्यांना भेद कळत नाही. तो कळण्यास काही सोपे उपाय आहेत. प्रयोगशाळेची सर त्यांना येत नाही, तथापि गावात बसून करता येतील असे हेच आहेत.

पहिला उपाय टीपकागदाचा. ट्रॅक्टर काम करून उभा राहिला की डिपस्टिकच्या टोकावरील तेलाचा एक थेंब पांढऱ्या टीपकागदावर सोडावा आणि कागद पेल्याच्या काठावर आडवा ठेवावा, म्हणजे खालून तो कशालाही टेकणार नाही. काही तासांनी डाग पाहावा. काळेपणा मध्यापासून कडेपर्यंत हळूहळू फिका होत पसरला असेल, तर तेलात अद्याप जीव आहे. मध्यभागी गडद काळा, स्पष्ट कडेचा ठिपका आणि त्याभोवती एकदम स्वच्छ तेलाचे वलय दिसले, तर काजळी धरून ठेवण्याची शक्ती संपली असे समजून तेल बदलावे. नवे तेल घातल्यावर पहिल्या दिवशी असाच एक कागद करून त्यावर तास लिहून ठेवल्यास पुढे तुलना सोपी जाते.

दुसरा उपाय पातळपणाचा. काचेच्या पट्टीवर नव्या व वापरलेल्या तेलाचा एकेक थेंब शेजारी शेजारी ठेवून पट्टी तिरपी करावी. वापरलेला थेंब पुष्कळ वेगाने धावला तर तेलात डिझेल मिसळत असण्याचा संभव आहे. वासावरूनही ते कळते. अशा वेळी तेल बदलून भागत नाही. नोझल किंवा डिझेल पंप तपासून घ्यावा लागतो. काही मालक मोठ्या समाधानाने सांगतात की आमचा ट्रॅक्टर तेल मुळीच खात नाही, उलट पातळी वाढते. पातळी वाढणे ही आनंदाची गोष्ट नसून धोक्याची सूचना आहे. तेल आपोआप वाढत नाही. डिझेल किंवा पाणी त्यात उतरत असते.

तिसरा उपाय पाण्यासाठी. जुन्या पत्र्याचा तुकडा चांगला तापवून विस्तवापासून दूर घ्यावा आणि त्यावर काडीने तेलाचा अगदी लहान थेंब सोडावा. तडतड आवाज झाला, बुडबुडे उठले, तर तेलात पाणी आहे. हा प्रयोग करताना तोंड दूर ठेवावे, डोळ्यांवर चष्मा असावा आणि स्वयंपाकाचा तवा कदापि घेऊ नये. पाणी बरेच असेल तर प्रयोगाची गरजच उरत नाही, कारण तेल दुधाळ दिसते. इंजिनाचे तेल दुधाळ झाल्यास हेड गॅस्केट किंवा लायनरचे रबर गेले असण्याची शक्यता मोठी असते. तो ट्रॅक्टर एक फेरासुद्धा चालवू नये.

तेल बोटांवर चोळून कण लागतात का हे पाहण्याची मिस्त्रीलोकांची रीत आहे. क्वचित पाहण्यास हरकत नाही, पण वापरलेले तेल कातडीस वारंवार लागणे अपायकारक असते. नंतर हात साबणाने धुवावेत.

धूळ कोठून शिरते

इस्लापूरच्या बाजूच्या एका गावात मी पाहिलेला प्रसंग येथे सांगणे उपयुक्त होईल. तेथील एका शेतकऱ्याचा ट्रॅक्टर अवघ्या १८०० तासांत निकामी झाला. वस्तुतः तेवढ्या तासांत इंजिन उघडण्याची वेळ येऊ नये. श्वासनळीतून धूर येत होता, तेल जळत होते, दाबाचा काटा खाली आला होता. मालक मोठा काळजीवाहू गृहस्थ होता. तेल वेळेवर बदलल्याच्या पावत्या त्याने मजपुढे ठेवल्या आणि तेलातच भेसळ असली पाहिजे असे तो ठामपणे म्हणू लागला. मलाही प्रथम तसेच वाटले, हे कबूल केले पाहिजे. परंतु इंजिन उघडल्यावर लायनर वरच्या भागात, जेथे हवा आत येते तेथे, विशेष झिजलेले आढळले. तेव्हा एअर क्लीनरपासून इंजिनाकडे जाणारी रबरी नळी पाहिली. ती खालच्या अंगाने चिरली होती आणि कोणीतरी तिला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून ठेवली होती. पट्टी सैल होती. दोन हंगाम मळणीची धूळ त्या चिरेतून थेट इंजिनात जात होती. तेल निर्दोष होते. त्यात उतरणारी माती ते बिचारे किती धरून ठेवणार? ऐन ऑक्टोबरात ट्रॅक्टर १९ दिवस उभा राहिला. त्याच्या भरवशावर असलेल्या शेजाऱ्यांच्या सोयाबीनच्या सुड्या परतीच्या पावसात भिजल्या, आणि ट्रॅक्टरच्या कर्जाचा हप्ता तेवढा वेळेवर आला.

अडीच लिटर क्षमतेचे चार धावांचे इंजिन मिनिटाला २००० फेरे घेत असेल, तर गणिताने ते तासाला सुमारे दीड लाख लिटर हवा ओढते. मळणीयंत्राशेजारी उभ्या असलेल्या ट्रॅक्टरला ही सर्व हवा भुसकटाच्या व मातीच्या ढगातून घ्यावी लागते. नांगरताना ट्रॅक्टर निदान धूळ मागे टाकून पुढे जातो. मळणीत तो तिच्यातच दिवसभर उभा असतो. म्हणून शक्य असेल तेथे वाऱ्याची दिशा पाहूनच मळणीयंत्र मांडावे. भुसा ट्रॅक्टरकडे येता कामा नये. हा उपाय फुकटचा आहे आणि माझ्या मते सर्वांत परिणामकारकही.

तेलाच्या भांड्याचा एअर क्लीनर असल्यास मळणीच्या दिवसांत भांडे रोज उतरवून पाहावे. तळाशी चिखल जमला असेल किंवा तेल दाटले असेल तर भांडे डिझेलने धुऊन, पुसून, खुणेपर्यंत स्वच्छ तेल भरावे. खुणेच्या वर भरू नये, कारण ते तेल इंजिनात ओढले जाते. कोरड्या कागदी फिल्टरचा प्रकार निराळा आहे. तो टायरवर आपटून झटकण्याची पद्धत सर्रास दिसते; तीमुळे कागद फाटतो आणि फिल्टर असून नसल्यासारखा होतो. हवा मारावयाची तर ती हलक्या दाबाने, आतून बाहेर मारावी, आणि पुस्तिकेत सांगितलेल्या वेळी फिल्टर बदलावाच. महिन्यातून एकदा क्लीनरच्या पुढील नळी सोडवून तिच्या आतून पांढरे फडके फिरवावे. फडक्यावर धूळ दिसली, तर कोठेतरी वाट फुटली आहे हे निश्चित. वरील ट्रॅक्टरच्या बाबतीत एवढे फडके फिरवले गेले असते, तर इंजिन वाचले असते.

तेल बदलण्याची रीत

तेल नेहमी इंजिन गरम असताना, म्हणजे काम आटोपल्यावर काढावे. गार तेलाबरोबर गाळ निघत नाही, तो तळाशी राहतो. बुचावर चुंबक असल्यास त्यावरील लोखंडाची बारीक साय पाहावी. ती थोडी असतेच. पण नखाला टोचतील असे तुकडे आढळले, तर मिस्त्रीला दाखवावे. तेलासोबत ऑईल फिल्टरही बदलावा. "फिल्टर अजून चालेल" असे म्हणून पैसे वाचवणारे पुष्कळ आहेत, त्यांना फिल्टरची रचना ठाऊक नसते. फिल्टर तुंबला तर इंजिन तेलावाचून राहू नये म्हणून बहुधा त्यात किंवा त्याच्या बैठकीत एक झडप ठेवलेली असते. तुंबल्यावर ती उघडते आणि तेल न गाळताच पुढे जाऊ लागते. दाबाचा काटा ठीक दिसतो, आवाज येत नाही, आणि बेअरिंगांत मात्र कचरा फिरत राहतो. नव्या ट्रॅक्टरचे पहिले तेल तर आणखी लवकर, बहुधा ५० तासांच्या आसपास बदलावयाचे असते, कारण नवे भाग एकमेकांत बसताना लोखंडाचा कीस तेलात उतरतो. तास कमी भरले तरी वर्षातून एकदा तेल बदलावेच.

पातळी पाहताना ट्रॅक्टर सपाट जागी उभा असावा आणि इंजिन बंद करून दहा-पंधरा मिनिटे झालेली असावीत. डिपस्टिक पुसून पुन्हा घालून पाहावी. वरच्या खुणेपेक्षा अधिक तेल भरल्यास क्रँकशाफ्ट ते घुसळते, फेस होतो, आणि फेसाळ तेल दाब धरीत नाही.

तेलाच्या डब्यावरील आकडे व अक्षरे गोंधळात टाकतात. १५ डब्ल्यू ४० यातील पहिला आकडा थंडीतील व दुसरा गरम इंजिनातील प्रवाहीपणा दर्शवतो. डिसेंबरच्या पहाटे आणि मेच्या दुपारी एकच तेल चालावे यासाठी ही योजना आहे. सीएफ ४, सीआय ४ अशी अक्षरे दर्जा सांगतात. त्यांतील सी हे अक्षर डिझेल इंजिनाचे. ५० अश्वशक्तीवरील नव्या ट्रॅक्टरांना १ जानेवारी २०२३ पासून धुराबाबतचे अधिक कडक नियम लागू झाले आहेत. अशा इंजिनांत जुन्या सवयीचे तेल न घालता पुस्तिकेत नमूद केलेल्याच दर्जाचे घालावे. सुटे तेल कितीही स्वस्त असले तरी घेऊ नये. हंगामापूर्वीच मोहोरबंद डबा पावतीसह आणून ठेवावा, कारण ऐन गर्दीत जे मिळेल ते घ्यावे लागते.

गिअरबॉक्स, हायड्रॉलिक आणि पाणी

पैनगंगेला मिळणारे नाले पावसाळ्यात ट्रॅक्टरनेच ओलांडावे लागतात. तापलेला गिअरबॉक्स थंड पाण्यात शिरला की आतील हवा आकसते आणि श्वासनळीतून किंवा झिजलेल्या सीलमधून पाणी आत ओढले जाते. बऱ्याच ट्रॅक्टरांत गिअर, डिफरन्शियल, हायड्रॉलिक आणि तेलात बुडालेले ब्रेक या सर्वांना एकच तेल असते, म्हणून पाणी शिरले तर चारही ठिकाणी बाधा होते. नाला ओलांडावा लागला असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी, ट्रॅक्टर सुरू करण्यापूर्वी, खालचे बूच किंचित सैल करून पाहावे. रात्रभरात पाणी तळाशी बसलेले असल्यास ते प्रथम निघते. तेलच दुधाळ झाले असेल तर ते सर्व बदलण्यावाचून गत्यंतर नाही. या ठिकाणी इंजिनाचे तेल किंवा साधे गिअर तेल घालून चालत नाही, ब्रेक आवाज करू लागतात.

उचलणाऱ्या ट्रॉलीबाबत एक गोष्ट सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. एकच ट्रॉली आळीपाळीने तीन-चार ट्रॅक्टरांना जोडली जाते आणि प्रत्येक वेळी तिच्या सिलिंडरातील तेल एका ट्रॅक्टरमधून दुसऱ्यात जाते. एकाच्या तेलातील पाणी व कचरा सर्वांना वाटला जातो. जोडणीची टोके मातीत लोंबकळत असतील तर मग विचारावयासच नको. ती पुसून जोडावीत आणि एरवी टोपण घालून ठेवावीत.

मळणीयंत्राच्या बेअरिंगांना ग्रीस देताना निपल आधी पुसावे, नाहीतर पहिल्याच दाबाने त्यावरील माती आत जाते. बंद पद्धतीच्या बेअरिंगांना जादा ग्रीस कोंबल्यास सील फुटते. पीटीओच्या सांध्यांना मात्र जुने ग्रीस बाहेर येईपर्यंत द्यावे. बेअरिंग तापत असल्याची शंका आल्यास यंत्र थांबवून पाहावे. भुसकटात तापलेले बेअरिंग म्हणजे आगीस निमंत्रण होय. जिनिंगमध्ये काम करणाऱ्या बांधवांना याच्या उलट सांगावे लागते: तेथे रोलरजवळ ओघळलेले तेल रुईवर पडते आणि डागाळलेल्या रुईची प्रत घसरते, म्हणून घातलेले जादा तेल लगेच पुसून काढणे हाही वंगणाचाच भाग आहे.

गटाची अवजारे आणि नोंदवही

अलीकडे शेतकरी गट व अवजार बँका यांच्या मालकीचे ट्रॅक्टर वाढले आहेत. ही गोष्ट चांगली आहे, पण माझा अनुभव असा की, ज्या ट्रॅक्टरला चार चालक असतात त्याचे तेल पाहण्याची जबाबदारी बहुधा कोणाचीच नसते. प्रत्येकास वाटते की आदल्याने पाहिले असेल. ज्या गटांनी आसनाखाली एक साधी वही बांधून ठेवली आहे, तेथे हा प्रश्न उद्भवत नाही. तारीख, मीटरवरील तास, तेलाची पातळी, किती तेल वर घातले आणि चालकाची सही, एवढे पाच रकाने पुरेत. वर घातलेल्या तेलाचा रकाना विशेष महत्त्वाचा आहे. आठवड्याला पाव लिटर लागणारे तेल अर्धा लिटर लागू लागले, की इंजिनातील बिघाड धूर दिसण्याच्या कितीतरी आधी कळतो.

काढलेल्या तेलाचे काय करावे, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. वाळवी लागू नये म्हणून ते लाकडाला फासणे, गोचिडांसाठी जनावरांच्या अंगाला लावणे किंवा बांधावर ओतून देणे या तिन्ही रीती सोडून द्याव्यात. जनावर अंग चाटते आणि ते त्याच्या पोटात जाते. बांधावरचे तेल पावसाबरोबर नाल्यात व विहिरीत उतरते. वापरलेल्या तेलाची गणना घातक कचऱ्यात होते, आणि १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या केंद्रीय नियमांनुसार त्याच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी तेल उत्पादकांवर टाकलेली आहे. तेव्हा जुने तेल त्याच रिकाम्या डब्यात, पाणी किंवा डिझेल न मिसळता भरून झाकण लावावे, डब्यावर "जुने तेल" असे ठळक लिहून तो मुलांच्या हाती लागणार नाही असा ठेवावा, आणि पुढचे तेल घेण्यास जाताना विक्रेत्याकडे किंवा सर्व्हिसिंग करणाऱ्याकडे परत करावा.